दगडावर आपटलेल्या काठ्या

कार्बन फायबरच्या पट्ट्यांवर वजनं टाकणं हे माझं पोटापाण्याचं काम होतं. आधी पुण्यात, मग बंगळुरात, सगळी मिळून तीसेक वर्षं. केसाहून बारीक काळ्या धाग्यांचे थर राळेत भिजवून एकावर एक चिकटवतात. त्यांची जी पट्टी होते ती वजनाला हलकी आणि ताकदीला पोलादाच्या तोडीची. तिच्यावर ठरलेल्या उंचीवरून ठरलेलं वजन सोडायचं आणि आत किती मोडतोड झाली ते शोधायचं. शोधावं लागतं, कारण ही जात लबाड आहे. लोखंडाला मारलं तर पोचा पडतो, लाकूड चिरतं. या पट्टीला तडाखा बसला तरी वरून ती तशीच गुळगुळीत राहते आणि आतले थर मात्र एकमेकांपासून सुटलेले असतात.

एकदा नव्याने आलेल्या इंजिनियर मुलांना हे समजावताना मी सोलापूरच्या एका जॉबरची गोष्ट सांगितली. थर चिकटवून केलेली काठी मजबूत आहे का ते बघायला तिला दगडावर आपटणारा जॉबर. मुलं खदखदून हसली. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "मॅडम, काय अडाणी लोक असतात हो!" तो जॉबर माझा बाप होता, हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. खडू टेबलावर टाकून मी बाहेर आले आणि नंतर ती गोष्ट कुठल्याच वर्गात काढली नाही. आता इथे पहिल्यापासून सांगते. ज्याला हसायचं असेल त्याने शेवटपर्यंत वाचावं आणि मग खुशाल हसावं.

आबा सोलापुरातल्या एका कापड गिरणीत साळखात्यात होते. साळखातं म्हणजे जिथे माग चालतात तो विभाग. माढा तालुक्यातल्या एका कोरडवाहू गावातून ते पोरवयात आले, आधी झाडू मारला, मग माग चालवला आणि चाळिशीत जॉबर झाले. जॉबरने आपल्या हाताखालचे माग नीट चालते ठेवायचे. जोडणी त्याची, दुरुस्ती त्याची, आणि काही बिनसलं तर शिव्याही त्यालाच. आबांच्या ताब्यातले माग खात्यात सगळ्यात कमी बंद पडत. हे मी लेक म्हणून सांगत नाही, खात्याच्या भिंतीवर फळा होता त्यावर रोज लिहिलेलं असायचं.

माग मिनिटाला शंभरावर वेळा धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारी लाकडी नळी, या टोकाकडून त्या टोकाला फेकतो. फेकते ती एक काठी. दीड हात लांब, खाली सांध्यात अडकवलेली, वरच्या टोकाने धोट्याला ढकलणारी. साहेब लोक तिला स्टिक म्हणत आणि आबा इष्टिक. चालत्या मागावर ती मोडली तर धोटा वाट सोडून उडतो. त्याच्या दोन्ही टोकांना पोलादाची चोच असते आणि विणकर तर मागाला अगदी खेटून उभा असतो. कपाळ फुटलेले, दात पडलेले विणकर आमच्या चाळीतच चार-पाच होते.

म्हणून आबांची एक रीत होती. स्टोअरमधून नवी काठी आली की ते ती घेऊन खात्याच्या दारातल्या दगडी पायरीपाशी जायचे. ज्याच्या मागावर ती लागणार त्या विणकरालाही तिथे बोलवायचे. काठीचं खालचं टोक दोन्ही हातांनी धरायचं आणि तिचं पोट पायरीच्या कडेवर आपटायचं. एक, दोन, तीन. लाकडात गाठ असली, कीड असली, आतून चीर असली, तर काठी तिथेच फाटायची. चांगली असली तर ठण्ण वाजायची. मग आबा ती विणकराच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "घे, बोलली." त्यांच्या हातची 'बोललेली' काठी असल्याशिवाय विणकर मागाला हात लावायचे नाहीत. खात्यात आणखी दोन जॉबर होते, आबांहून तरुण. ते हा उपद्व्याप करत नसत. स्टोअरमधून आली की लावली, आणि मोडली की दुसरी. आबा त्यांना आळशी म्हणायचे आणि ते आबांना दगडफोड्या म्हणायचे.

बहात्तरच्या दुष्काळानंतर दोनेक वर्षांनी मी मेकॅनिकलचा डिप्लोमा पास झाले. वर्गात मी एकटी मुलगी. लेथमध्ये पदर अडकेल म्हणून सर मला लांब बसायला सांगायचे आणि मी पदर कमरेला आवळून नेमकी पुढे जाऊन उभी राहायचे. नोकरीसाठी गावातल्या सगळ्या गिरण्यांत अर्ज टाकले. एकीने मुलाखतीला बोलावलं आणि टायपिंग येतं का असं विचारलं. येत होतं. मी नाही म्हणून सांगितलं आणि उठून आले.

शेवटी गावाबाहेरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात काम लागलं. पत्र्याची शेड, नऊ माणसं आणि तिशीतला मालक, पुण्याला शिकून आलेला. तिथे मागाच्या काठ्याच बनत, पण अखंड लाकडाच्या नव्हे. चांगलं लाकूड मिळेनासं झालं होतं. म्हणून लाकडाचे कागदासारखे पातळ काप आणि सुती कापडाच्या पट्ट्या राळेत बुडवायच्या, आलटून पालटून रचायच्या आणि गरम प्रेसमध्ये दाबून एकजीव करायच्या. उन्हाळ्यात राळ भराभर घट्ट व्हायची, म्हणून आम्ही सकाळी सहालाच कामाला लागायचो. हाताला दवाखान्यासारखा वास यायचा, तो भाकरी खातानाही जायचा नाही. थर रचायचं आणि तयार काठी तपासायचं काम माझ्याकडे होतं. मालकाकडे परदेशी मासिकं यायची. त्यांतल्या एकात मी पहिल्यांदा वाचलं की तिकडे सुती कापडाच्या जागी कार्बनचे धागे घालून विमानाचे भाग करायला बघतायत. आमच्या शेडमधल्या राळेच्या पिंपाकडे बघून मला तेव्हा उगाचच छाती फुगल्यासारखं वाटलं होतं.

आबांना मात्र ह्या सगळ्याची गंमत वाटायची.

"काठी हाय का पापडाची चवड?" ते विचारायचे. "चिकटवलेलं ते चिकटवलेलंच. आज न्हाय उद्या सुटणार की."

"आबा, ती तुमच्या लाकडाच्या दीडपट चालते. मी मोजलंय."

"तू मोजलंयस व्हय? मग झालं तर!" असं म्हणून ते आईकडे बघून डोळा मिचकावायचे. मी चिडले की त्यांना बरं वाटायचं.

मग त्यांच्याच गिरणीने आमच्याकडून काठ्या घ्यायचं ठरवलं. तिन्ही जॉबरना सारख्या वाटल्या गेल्या. माझ्या हातच्या काठ्या माझ्या बापाच्या मागांवर चालणार, म्हणून मी शेजारी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते.

दीड महिना गेला नाही तोच काठ्या मोडायला लागल्या. पहिल्या एक-दोन मोडल्या तेव्हा आबा फक्त "बघ, सुटलं" एवढंच म्हणाले. पुढे ते घरी येऊन बोलेनासे झाले. आणि एका दुपारी काठी मोडली, धोटा उसळला आणि त्याची चोच एका विणकराच्या डाव्या डोळ्यात गेली. ते आमच्या चाळीत दोन खोल्या सोडून राहायचे. घरी तेलुगू बोलायचे, आमच्याशी मराठी. मी त्यांना काका म्हणायचे. आबांचे ते पंचवीस वर्षांचे जोडीदार, डबा एकत्र खाणारे. डोळा वाचला नाही.

दुसऱ्या दिवशी आबांना कामावर यायचं नाही म्हणून सांगितलं. चार दिवसांनी चार्जशीट आली. मागाची जोडणी चुकीची ठेवून निष्काळजीपणा केला, त्यामुळे काठ्या मोडल्या आणि कामगाराला इजा झाली, आठ दिवसांनी चौकशी. दोष शाबीत झाला तर नोकरी जाणार. आबांनी तो कागद माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. नोकरीचं ते काही बोलले नाहीत. "निष्काळजी," एवढाच शब्द त्यांनी तोंडातल्या तोंडात दोन-तीनदा म्हटला.

मी तरातरा मालकाकडे गेले. आपल्या काठ्यांत काही खोट असेल तर आपण आधी कबूल करावं, असं मला म्हणायचं होतं. मालक तर खुशीत होता. त्याने गिरणीतून माहिती काढली होती. बाकीच्या दोन जॉबरच्या मागांवर आमच्या काठ्या मजेत चालत होत्या. एकही मोडली नव्हती. मोडल्या त्या फक्त आबांकडच्या.

"माल तोच, गाडी तीच, तारीख तीच," तो म्हणाला. "आता तूच सांग, दोष काठीचा की जॉबरचा?"

हिशेब सरळ होता आणि तो माझ्या बापाच्या अंगावर येत होता. तरी मी म्हटलं, "मोडलेल्या काठ्या मला आणून द्या." त्याने गिरणीच्या स्टोअरमधून सात तुकडे मागवले, माझी समजूत घालायला म्हणून असेल.

ते सात तुकडे मी शेडच्या दारात उन्हात मांडले आणि एकेक बघत बसले. जोडणी चुकली तर काठी खाली सांध्यापाशी मोडते, हे आबांनीच मला लहानपणी दाखवलेलं. यांतली एकही सांध्यापाशी मोडली नव्हती. सगळ्या मधोमध, पोटाजवळ, जवळजवळ एकाच जागी मोडल्या होत्या. आणि तिथले थर वहीची पानं विस्कटावीत तसे मोकळे झालेले. मागावर त्या जागेला काहीही लागत नाही. मग तिथेच काय झालं? मी तशीच सायकल काढून घरी गेले.

आबा अंगणात बाजेवर बसले होते. मी विचारलं, "आबा, आमच्या काठ्या तुम्ही पायरीवर आपटल्या होत्या का?"

ते माझ्यावर भडकले. "म्हंजे? न आपटता लावीन व्हय मी? लाकडाच्या तीन डाव आपटतो, तुमच्या त्या पाच डाव आपटल्या. माझा इश्वास नव्हता तुमच्या चिकटवण्यावर. एक बी फाटली न्हाय, एकीवर चरा न्हाय. लई गुणाच्या निघाल्या म्हणून तर लावल्या!"

मी कारखान्यात परत गेले. एकाच प्रेसमधून निघालेल्या दोन काठ्या घेतल्या. एक तशीच ठेवली. दुसरी शेडच्या दगडी ओट्यावर आपटली, आबा आपटतात तशी, पोटावर, पाच वेळा. हात झिणझिणले. काठीवर ओरखडादेखील नव्हता. मग दोन्ही मधोमध उभ्या कापल्या, कापलेली बाजू कानसेने गुळगुळीत केली, तिच्यावर पेनातली निळी शाई ओतली आणि फडक्याने पुसून घेतली. न आपटलेली स्वच्छ निघाली. आपटलेलीच्या पोटात केसासारख्या निळ्या रेघा राहिल्या, नऊ-दहा, एकीखाली एक, थर सुटलेत तिथे तिथे. मी आणखी दोन कापल्या. मग आणखी दोन. दर वेळी तेच.

खात्यातला सगळ्यात काळजी घेणारा जॉबर एकेक काठी पारखताना आतून मोडत होता आणि मोडलेली काठी भरवशाने विणकराच्या हातात देत होता. आळशी जॉबरच्या काठ्या शाबूत होत्या, कारण त्यांनी त्या पारखल्याच नव्हत्या. मी ओट्यावर बसून रडले. रडताना रागही येत होता आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

मालकाला मी कापलेले तुकडे दाखवले. त्याने ते बराच वेळ उलटसुलट केले. मग म्हणाला, "हे इथेच राहू दे. आपली काठी दगडावर आपटली की खराब होते, असं गिरणीच्या कानावर गेलं तर ते म्हणतील काठीच कुचकामी. पुढची ऑर्डर गेली. नऊ घरं चालतात इथे."

"आणि माझे आबा?"

"कारखाना माझा आहे, बाप तुझा आहे. मी माझं बघणार ना?"

"काठीचे थर मी लावलेत," मी म्हटलं. "ती कशाने मोडते हे मला माहीत आहे. चौकशीत मी येणार आणि सांगणार. नोकरीवरून काढायचं तर आत्ताच काढा." माझा आवाज एवढा चढला होता की प्रेसवरची माणसं काम थांबवून बघायला लागली. मालक आत निघून गेला. मला काढलं मात्र नाही.

पण खरी कठीण गोष्ट पुढेच होती. मालकासमोर ओरडणं सोपं होतं. आबांना काय सांगणार होते मी? तुमची जोडणी बरोबर होती, आणि तरी काकांचा डोळा तुमच्या हाताने गेला, असं? युनियनचा माणूस येऊन सांगून गेला होता की काठ्या निकृष्ट होत्या असं म्हणा, आपण लावून धरू. तसं म्हटलं असतं तर आबा सुटलेही असते. मी गप्प बसले असते तर त्यांना कधीच कळलं नसतं. दोन दिवस मी तो विचार केला, हे लपवत नाही.

रविवारी सकाळी आई बाजारात गेली तेव्हा मी तुकडे त्यांच्यासमोर ठेवले आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा लावून निळ्या रेघांवरून अंगठा फिरवला. मग न कापलेल्या, पण आपटलेल्या एका काठीवर खिशातलं नाणं हळूहळू टकटक करत टोकापासून निघाले. टक, टक, टक, आणि पोटापाशी आल्यावर बद्द. परत मागे गेले, परत पुढे आले. बद्द. मी काठी कापून जे शोधलं होतं ते त्यांनी न कापता शोधलं, पण त्याचं त्यांना काही सुख नव्हतं.

"म्हंजे त्याचा डोळा मी फोडला," ते म्हणाले.

"तसं नाही आबा. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. स्टोअरने सांगितलं नाही. आम्ही सांगितलं नाही. मी तुमच्या घरात राहून सांगितलं नाही! मी रोज थर लावत होते आणि तुम्ही काठ्या आपटता हे मला लहानपणापासून माहीत होतं. माझ्या डोक्यातच आलं नाही."

"तू गप," ते म्हणाले. चप्पल घातली आणि दोन खोल्या सोडून काकांकडे गेले. मी मागोमाग गेले.

काका भिंतीला टेकून बसले होते, डोळ्यावर पट्टी. काकूंनी पाणीसुद्धा विचारलं नाही. आबांनी उभ्याउभ्याच सांगितलं, काही झाकलं नाही. दगडावर मी आपटली, आतनं मी मोडली, तुझ्या हातात मी दिली. काकू तोंडाला पदर लावून तेलुगूत काहीतरी म्हणाल्या. मला ती भाषा कळत नव्हती, पण त्यांच्या डोळ्यांतलं कळलं. काकांनी त्यांना हाताने थांबवलं.

"तू तीन मारलास," ते आबांना म्हणाले. "नंतरचा दोन मारायला मीच सांगितलो की नाही? ती नवी काठी आहे, अजून हाण, अजून हाण म्हणून? आठव."

आबा खाली बसले. काका पुढे म्हणाले, "माफ केलो असं मी म्हणणार नाही. डोळा गेलाय माझा. पण ते निष्काळजी लिहिलंय ना कागदावर, त्याच्यावर सही केलास तर बघ. मग मीही निष्काळजीच झालो."

चौकशी गिरणीच्या ऑफिसात होती. साळखात्याचे मुख्य म्हणजे वीव्हिंग मास्तर, एक कारकून, युनियनचा माणूस, आमचा मालक आणि मी, मांडीवर तुकड्यांची पिशवी घेऊन. मला कशाला आणलं असं मास्तरांनी विचारलं तेव्हा मालक खाली बघत म्हणाला, "तपासणी त्या करतात." एवढं बोलल्याबद्दल मी आजही त्याचे उपकार मानते. मी तुकडे मांडले, शाईच्या रेघा दाखवल्या, सांध्यापाशी एकही काठी मोडली नाही हे दाखवलं. मास्तर हुशार होते, त्यांना लगेच कळलं. ते आबांकडे वळले. "म्हणजे काठ्या तुम्हीच मोडल्यात?"

"व्हय," आबा म्हणाले. "मीच."

युनियनच्या माणसाने कपाळाला हात लावला. मास्तर जरा नरमले. एवढ्या वर्षांची नोकरी आहे, ते म्हणाले, जोडणीचा आरोप आम्ही मागे घेतो. निष्काळजीपणा झाला एवढं मान्य करून सही करा, ताकीद देऊन जॉबर म्हणून कामावर घेतो. कारकुनाने कागद पुढे सरकवला.

आबांनी कागद मागे सारला. "चूक झाली लिवा. हजार डाव सही करतो. निष्काळजी लिवू नका."

"दोन्ही एकच."

"एक न्हाईत, सायेब. निष्काळजी त्यो, जो इष्टिक हातात घेऊन बघत न्हाय. मी लई काळजी केली. चुकीची केली, पर केली. तुमच्या स्टोअरनं नवी जिन्नस धाडली, एका शब्दानं सांगितलं न्हाय की ही लाकडावानी नसते. माझ्या जोडीदाराचा डोळा माझ्या हातनं गेला, त्ये मी त्याच्या दारात जाऊन सांगितलंय. तुमच्या कागदाची वाट बघितली न्हाय. पर ह्यो शब्द मी घेणार न्हाय."

"सही नाही तर जॉबरकी नाही," मास्तर म्हणाले. त्यांचाही आवाज चढला होता.

"मग घ्या काढून. मला माग चालवता येतो. ज्या मागावर त्याचा डोळा गेला, त्यो माग मला द्या."

मालकाने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे बघितलं नाही. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की आबा, सही करा, एक शब्द तर आहे. आणि त्यांनी सही केली असती तर मी त्यांना कधी माफ केलं नसतं, हेही मला त्याच क्षणी कळत होतं. मास्तरांनी पेनाचं टोपण लावलं आणि कारकुनाला म्हणाले, "उद्यापासून विणकर म्हणून लावा."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या पाळीला मी खात्याच्या दारापर्यंत गेले. त्या मागाला काठी हवी होती आणि ती मी आणली होती, त्याच आठवड्यात स्वतः थर लावून दाबलेली. आतले कामगार माग सोडून दाराशी जमले होते. दोन्ही तरुण जॉबरही होते. आबांनी माझ्या हातातून काठी घेतली. ती दोन्ही हातांत आडवी धरून ते क्षणभर थांबले, ती आपटण्याची सवय त्यांच्या दंडात मला दिसली. मग ते पायरी ओलांडून आत गेले. काठी मागावर चढवली, सांधा आवळला. त्यांनी मागे वळून, नीट केली हायस नव्हं, असं मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मला बरं वाटलं असतं, कारण मी मनातल्या मनात एकेक थर पुन्हा मोजत होते. डोळ्यांपुढे काचेचीही आड नको म्हणून आबांनी चष्मा काढून खिशात ठेवला, काका उभे राहायचे बरोबर त्याच जागी, मागाला खेटून उभे राहिले आणि माग सुरू केला.